‘इज इट व्हेज?’ : न्यू जर्सीच्या डायनरमधलं सूपचं प्रकरण

परदेशात मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. व्याकरणाचं इंग्रजी नव्हे, वेळ निभावून नेण्याचं. विमानतळ, दवाखाना, दुकान आणि हॉटेल. यातलं हॉटेल सगळ्यांना सर्वांत सोपं वाटतं, कारण मेन्यूवर बोट ठेवता येतं आणि उरलेलं काम ‘थँक्यू’वर भागतं. हे प्रकरण त्याच समजुतीचं आहे.

विद्यार्थिनी सातारच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. मी त्यांना काकूच म्हणते, इथेही तेच चालवू. त्यांचं वाचायचं इंग्रजी चांगलं आहे. आयुष्यभर हेड ऑफिसची सर्क्युलरं वाचली आणि त्यांना उत्तरं लिहिली. बोलायची वेळ आली की मात्र वाक्य आधी मनात मराठीत तयार होतं, मग इंग्रजीत उतरतं, आणि तोवर समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. काकू शाकाहारी. केकमधलं अंडं चालतं, आम्लेट चालत नाही, अशी त्यांच्या घरातली फार जुनी तडजोड. काका चिकन-मटण आवडीनं खातात, बीफ नाही. मुलाचं घर न्यू जर्सीत आणि चालत जाता येईल अशा अंतरावर एक डायनर.

न्यू जर्सीत डायनरची कमी नाही. प्लास्टिक चढवलेला जाडजूड मेन्यू, दिवसभर मिळणारा नाश्ता, खिडकीलगत समोरासमोर बाकं आणि कडेला उंच स्टुलांचा काउंटर. यांतले कितीतरी डायनर ग्रीक स्थलांतरितांनी चालवले, म्हणून पॅनकेकच्या पुढच्याच पानावर पालक आणि फेटा चीज भरलेला स्पॅनाकोपिटाही सापडतो. आमचं प्रकरण मात्र साध्या सूपवर अडलं.

काय घडलं

मुलगा-सून कामावर गेले होते. काका-काकू दोघंच दुपारी डायनरमध्ये गेले. काकूंनी टोमॅटो सॉस आणि चीज घातलेला वांग्याचा प्रकार मागवला, मेन्यूवर बोट ठेवून. वेट्रेसनं एका दमात विचारलं, “सूपॉरसॅलड?”, म्हणजे ‘सूप ऑर सॅलड’, दोन्हींपैकी काय हवं. काकूंना ऐकू आलं ‘सुपर सॅलड’. त्या म्हणाल्या, “येस.” तिनं पुन्हा विचारलं. काकू आणखी ठामपणे म्हणाल्या, “येस, येस.” शेवटी तिनंच निर्णय घेतला, “सूप?” आणि काकूंनी मान डोलावली. पण बँकेत इतकी वर्षं काढलेली बाई, खातरजमा केल्याशिवाय सोडणार नाही. त्यांनी विचारलं, “इज इट व्हेज?” वेट्रेस हसून म्हणाली, “येप, इट्स व्हेजिटेबल टुडे.”

सूप आलं. गाजर, फरसबी, बटाटा, मक्याचे दाणे. काकूंनी सगळं संपवलं आणि संध्याकाळी सुनेला कौतुकानं सांगितलं. सून तिथे बरीच वर्षं राहिलेली, तिला शंका आली. तिनं डायनरला फोन केला तर उत्तर मिळालं की सूप बीफच्या स्टॉकमध्ये, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेल्या पाण्यात शिजवतात. पुढचे दोन-तीन दिवस काकूंच्या घशाखाली अन्न उतरेना. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की अमेरिकेत असेपर्यंत त्या घरचा वरणभात सोडून दुसरं काही खाणार नाहीत. मुलानं मला फोन केला तो या टप्प्यावर.

वेट्रेस खोटं बोलली नव्हती. तिला प्रश्न समजला तो असा: हे भाज्यांचं सूप आहे का? आणि ते भाज्यांचंच होतं.

नेमकं कुठे बिनसलं

काकूंचा पहिला अंदाज होता की उच्चार चुकला. तसं अजिबात नव्हतं. आपल्याकडे ‘व्हेज’ हे दोन अक्षरी उत्तर एका अख्ख्या व्यवस्थेच्या जोरावर उभं असतं. पाकिटावर हिरवा ठिपका कायद्यानं छापावा लागतो, हॉटेलवर ‘प्युअर व्हेज’ची पाटी असते, आणि वेटरला ठाऊक असतं की चुकलं तर गिऱ्हाईक ताट फेकून उठेल. अमेरिकेत यातलं काहीच नाही. तिथला कायदा पाकीटबंद पदार्थांवर नऊ गोष्टी सांगायला लावतो: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याच्या जातीचे कवचवाले जीव, काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळ. या यादीचा उद्देश अ‍ॅलर्जी टाळणं हा आहे, धर्म किंवा पथ्य पाळणं हा नाही. कोंबडीचं किंवा गाईचं मांस तिच्यात नाही. मेन्यूवर ‘व्ही’ अक्षर दिसलं तरी त्या हॉटेलात त्याचा अर्थ व्हेजिटेरियन की व्हीगन, हे खालच्या तळटिपेत शोधावं लागतं. तेव्हा तिथे विचारणं हाच एक मार्ग उरतो, आणि विचारायचं तर पदार्थाचं नाव नव्हे, त्यात काय पडलं आहे ते.

सुनेनं मला त्या डायनरचा मेन्यू पाठवला आणि आम्ही तो पानापानानं चाळला. काकूंच्या दृष्टीनं निरुपद्रवी दिसणारे पदार्थच जास्त निघाले. फ्रेंच अनियन सूप म्हणजे कांद्याचं सूप, पण ते रूढ पद्धतीनं बीफच्या स्टॉकमध्येच होतं. डिस्को फ्राइज हा खास न्यू जर्सीचा प्रकार: बटाट्याच्या फ्राइजवर वितळलेलं चीज आणि ब्राऊन ग्रेव्ही. ग्रेव्ही म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही येते. तिथली ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे बारीक मासे. मेक्सिकन पानावरच्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. ‘चिली’ हा शब्द दिसला की आपण मिरची समजतो, तिथे तो बहुधा खिम्याचा आणि घेवड्याचा दाट रस्सा. चीज करताना दूध गोठवायला वापरलेलं रेनेट वासराच्या जठरातलं असू शकतं, खऱ्या इटालियन पार्मिजानोत तर ते असतंच, हेही मी सांगितलं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, इतकं खोल नको जायला. चीज मी खाणार.” मला ते पटलं. आपण कुठवर खोदायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, शिक्षकानं नव्हे.

फ्राइजबद्दल त्यांनी आपणहून विचारलं, कारण जुनी बातमी त्यांच्या लक्षात होती. मॅकडोनाल्ड्सनं अमेरिकेत 1990 मध्ये फ्राइज बीफच्या चरबीऐवजी वनस्पती तेलात तळायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, झालं आता शाकाहारी. पण चवीसाठी बीफचा अर्क तसाच राहिला होता. 2001 मध्ये खटला दाखल झाला, आपल्याकडे मुंबई परिसरातही निदर्शनं झाली, आणि 2002 मध्ये कंपनीनं माफी मागून हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना एकूण 1 कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. भारतातल्या फ्राइजमध्ये हा अर्क नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत इतक्या लोकांचा गैरसमज झाला, मग काकूंना एका सूपवरून स्वतःला बोल लावून घ्यायचं काही कारण नव्हतं. हे ऐकल्यावर त्यांचा सूर जरा बदलला.

एक वाक्य, घोटून

मी शब्दांची यादी दिली नाही. वांगं म्हणजे एगप्लांट, ढोबळी मिरची म्हणजे बेल पेपर, भेंडी म्हणजे ओक्रा, दही म्हणजे योगर्ट, पार्सल म्हणजे ‘टु गो’, हे त्या स्वतःच वहीत उतरवून बसल्या होत्या. पाठ करायला दिलं ते हे:

“आय डोन्ट ईट मीट, चिकन ऑर फिश. इज देअर एनी चिकन ऑर बीफ ब्रॉथ इन धिस?”

ब्रॉथ म्हणजे स्टॉकसारखंच मांसाचं पाणी. मीट म्हटल्यावर चिकन वेगळं कशाला, असं काकूंना वाटलं. कारण बऱ्याच जणांच्या लेखी ‘मीट’मध्ये चिकन येत नाही आणि मासा तर मुळीच नाही. दुसरा भाग मुद्दाम हो-नाही असा ठेवला. ‘यात काय काय आहे?’ असं विचारलं असतं तर उत्तर भरभर आलं असतं आणि पुन्हा पंचाईत. वेट्रेस अडखळली, “आय डोन्ट थिंक सो” म्हणाली, तर ते ‘नाही’ धरायचं नाही. तेव्हा पुढचं वाक्य: “कुड यू प्लीज चेक विथ द किचन?” यात संकोचायचं कारण नाही. तिथे असं विचारणं रोजचं आहे, आणि आत जाऊन विचारून येणं हे तिच्या कामातच धरलेलं असतं.

इथे मुलानं एक शॉर्टकट सुचवला. त्याच्या ऑफिसातले काही जण सरळ ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हणून सांगतात, म्हणजे स्वयंपाकघर गंभीर होतं. मी ठाम नको म्हटलं. अ‍ॅलर्जी म्हटली की चांगल्या स्वयंपाकघरात वेगळा तवा, वेगळे हातमोजे, कधी मॅनेजर स्वतः टेबलाशी येतो, आणि कधी ‘आम्ही खात्री देऊ शकत नाही’ म्हणून ऑर्डरच नाकारली जाते. वर ज्याला खरोखर शेंगदाण्यानं जीव जाण्याची भीती आहे, त्याच्या शब्दाचं वजन अशा थापांनी कमी होतं. “इट्स फॉर रिलिजस रीझन्स” एवढं म्हटलं तरी पुरतं. अमेरिकन माणूस या कारणावर उलट प्रश्न करत नाही, हे सुनेनंही सांगितलं.

काकांचा धडा याच्या उलट होता. त्यांना मांस चालतं, पण कुठलं ते कळायला हवं. हॅम्बर्गरमध्ये हॅम, म्हणजे डुकराचं मांस, नसतं, बीफ असतं. मीटबॉल, मीटलोफ यांत नुसतं ‘मीट’ लिहिलेलं असलं की बहुधा बीफ, नाहीतर बीफ आणि डुकराचं मांस एकत्र. नाश्त्यातलं टेलर हॅम, ज्यावर न्यू जर्सीची माणसं जीव टाकतात, ते डुकराचं. “इज धिस बीफ ऑर पोर्क?” एवढं एक वाक्य त्यांनी घेतलं आणि बाकीच्यावर मेहनत घ्यायचं साफ नाकारलं.

ऐकण्याचा सराव

माझ्या मते खरी गोम इथे आहे. हॉटेलात गिऱ्हाइकाला बोलावं फार कमी लागतं. प्रश्न सगळे वेटर विचारतो. आणि त्याचे प्रश्न ठरलेल्या क्रमानं येतात. आधी किती माणसं, मग टेबल की बूथ (म्हणजे समोरासमोरची बाकं), मग प्यायला काय. त्यानंतर ऑर्डर आणि प्रत्येक पदार्थाचा पोटप्रश्न: अंडी कशी, ब्रेड कुठला, सोबत काय, ड्रेसिंग कुठलं. मध्येच एकदा “हाऊ इज एव्हरीथिंग?” आणि शेवटी “यू स्टिल वर्किंग ऑन दॅट?”, म्हणजे खाणं चालू आहे की ताट उचलू. काकूंनी हा शेवटचा प्रश्न ऐकला होता आणि त्यांना वाटलं, आपण नोकरी करतो का असं विचारतेय. म्हणून त्यांनी निवृत्तीची हकिगत सांगायला घेतली आणि तोवर ताट उचललं गेलं.

एकदा क्रम कळला की प्रत्येक शब्द ऐकू यायची गरज राहत नाही. आता ड्रेसिंगची वेळ आहे हे माहीत असलं की ‘रँच’ आणि ‘इटालियन’ हे दोन शब्द पकडले तरी पुरे. आम्ही व्हिडिओ कॉलवर हाच खेळ केला. मी वेट्रेस. मुद्दाम भरभर, शब्द गिळून, ‘वॉटर’चं ‘वॉडर’ आणि ‘ट्वेंटी’चं ‘ट्वेनी’ करून बोलायची, शेजारी मिक्सर चालू ठेवून. काकू पहिल्यांदा चिडल्या: “हे काय, नीट बोल की!” मी म्हटलं, तीही नीट बोलणार नाही.

‘येस’ची सवय मोडायला मात्र वेळ लागला. “चीज नको ना?” असं विचारलं तर आपण “हो” म्हणतो, म्हणजे ‘हो, नको’. इंग्रजीत “नो चीज?”ला “येस” म्हटलं की चीज येईल की नाही हे त्या दिवशीच्या नशिबावर. त्यात आपली मान आडवीतिरकी हलते, तिचा अर्थ तिकडे कुणालाच लागत नाही. उपाय सोपा ठेवला: नुसतं येस किंवा नो कधीच म्हणायचं नाही, वस्तूचं नाव घ्यायचं. “नो चीज, प्लीज.” “सॅलड, प्लीज.” प्रश्न अर्धवट कळला असला तरी अशा उत्तरानं काम होतं.

काकांचं ‘गिव्ह मी वॉटर’ हा घरातल्या चर्चेचा विषय होता. मुलाला लाज वाटायची, काकांना त्यात काही गैर दिसत नव्हतं. त्यांची बाजूही समजण्यासारखी होती. “जरा पाणी द्या हो” यात आपला सगळा आदर ‘द्या’त आणि ‘हो’त आला, भाषांतरात तो गळून पडतो आणि उरतो हुकूम. “कुड आय गेट सम वॉटर, प्लीज?” काकांनी शेवटी ते उचललं, पण ‘प्लीज’ ते अजून वाक्य संपल्यावर, आठवण झाल्यासारखं जोडतात.

पुन्हा त्याच डायनरमध्ये

काही आठवड्यांनी काकू स्वतःहून म्हणाल्या, तिथेच जाऊ. त्या दुपारचं बोलणं त्यांनी घरी येऊन वहीत लिहून काढलं आणि मला पाठवलं. थोडं गाळून देते.

“जस्ट द टू ऑफ यू?”
“येस, टू. अ बूथ, प्लीज.”
“कॅन आय स्टार्ट यू ऑफ विथ समथिंग टु ड्रिंक?”
“वॉटर, नो आइस, प्लीज. अँड वन कॉफी.”
काकूंनी ग्रिल्ड चीज सँडविच मागवलं.
“व्हाइट, व्हीट ऑर राय?”
“व्हीट, प्लीज.”
“फ्राइज ऑर अ कप ऑफ सूप? इट्स लेंटिल टुडे.”
“आय डोन्ट ईट मीट, चिकन ऑर फिश. इज देअर एनी चिकन ऑर बीफ ब्रॉथ इन द सूप?”
“ओह, आय डोन्ट थिंक सो.”
“कुड यू प्लीज चेक विथ द किचन?”

वेट्रेस आत जाऊन आली. मसुराचं सूप निव्वळ पाण्यातलं होतं, पण वरून बेकनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे घालतात, ते काढायला सांगू का, असं तिनं विचारलं. ‘ब्रॉथ नाही’ एवढ्यावर ती थांबली नाही, याचं श्रेय पहिल्या वाक्याला: काकू काय खात नाहीत ते तिला आधीच कळलं होतं. काकूंनी “नो सूप, फ्राइज प्लीज” म्हटलं. आणि मग मला न विचारता एक भर घातली: “सेम ऑइल फॉर चिकन?” व्याकरण नव्हतं, अर्थ चोख होता. फ्राइजची कढई वेगळी होती.

बिलाचं प्रकरण

बिल वेट्रेसनं टेबलावर ठेवलं आणि “नो रश” म्हणाली. त्या डायनरमध्ये पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर भरायचे आणि टीप टेबलावर ठेवायची, अशी पद्धत. बिल 32 डॉलर 40 सेंट. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो; न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे 2 डॉलर 15 सेंट. एकूण 34.55. इथवर काका शांत होते. टीप 18 टक्क्यांनी सहा डॉलरच्या घरात जाते हे कळल्यावर त्यांनी मनातल्या मनात रुपये केले. “पाचशे रुपये? कशाचे? ताट आणून ठेवल्याचे?”

कशाचे ते सांगावं लागलं. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तोच. बाकी रक्कम टिपेतून भरून निघेल असं गृहीत धरलेलं असतं, आणि नाही निघाली तर फरक मालकानं द्यायचा असतो. न्यू जर्सीत हा दर केंद्रापेक्षा जास्त आहे, तरी राज्याच्या सर्वसाधारण किमान वेतनापेक्षा बराच कमी. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत अशी वेगळी पायरीच नाही, टीप मात्र तिथेही द्यावी लागते. ही पद्धत चांगली की वाईट यावर काका तासभर बोलू शकतात आणि त्यांच्या बऱ्याच मुद्द्यांशी मी सहमत आहे. पण ती बदलणं आपल्या हातात नाही, आणि त्या दिवशी आत जाऊन विचारून आलेल्या मुलीचे पैसे कापून ती बदलणारही नाही. काकूंनी सहा डॉलर ठेवले.

निघताना उरलेल्या फ्राइजसाठी “कुड आय गेट अ बॉक्स, प्लीज?” हेही जमलं. उरलेलं बांधून नेण्यात तिथे कुणी कमीपणा मानत नाही, ही गोष्ट काकूंना भारी आवडली.

जे अजून जमलेलं नाही

तोंडी सांगितलेले ‘स्पेशल्स’ काकूंना कळत नाहीत. मेन्यूवर ते नसतात, किंमतही बहुतेक वेळा सांगत नाहीत. त्या “हाऊ मच इज दॅट?” विचारतात आणि आकडा ऐकून पदार्थ सोडून देतात. काय होता ते त्यांना तरीही कळलेलं नसतं. फोनवरून ऑर्डर देण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. ड्राइव्ह-थ्रूच्या लाउडस्पीकरशी बोलायची काकूंची तयारी नाही. समोर चेहरा नसेल तर क्रम माहीत असूनही त्यांचा धागा तुटतो. सध्या तिथे मुलगाच बोलतो, काकू मागच्या सीटवरून “नो बेकन” एवढं म्हणतात. पुढच्या फेरीला त्यांचा बेत टोरांटोत भाचीकडे जाण्याचा आहे. तिथल्या पूटिन नावाच्या चीज घातलेल्या फ्राइजवरही ब्राऊन ग्रेव्हीच असते, हे मी त्यांना कळवून ठेवलं आहे.